सोमलाची कमतरता

निरोगी माणूस हा वैद्यकशास्त्राचा पाया आहे. तो सापडणे कठीण असते, आणि सापडला तरी तपासून होईपर्यंत निरोगी राहीलच याची खात्री देता येत नाही. टर्नस्टोन बे येथील प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षे नोकरी करतो आहे. एवढ्या काळात स्वतःला निरोगी समजणारी माणसे मला पुष्कळ भेटली. समजणे आणि असणे यांत जे अंतर पडते, ते मोजण्यासाठीच आमचे खाते आहे.

माझे पद तसे लहान आहे. रक्ताचा किंवा लघवीचा आकडा यंत्रातून बाहेर आला, की तो किमान आणि कमाल या दोन मर्यादांच्या आत आहे का, हे मी बघतो. आत असला तर मी काही करत नाही. बाहेर असला तर त्याच्यापुढे एक चांदणी छापतो. (चांदणी यंत्रालाही छापता येते. पण एकदा यंत्राने एका गृहस्थाच्या जन्मतारखेपुढे चांदणी छापली, आणि आपण नेमके कधी जन्मायला हवे होते याची चौकशी करत तो आठवडाभर गावात हिंडला. तेव्हापासून हे काम माणसाकडे आहे.) गावात मला सगळे डेस म्हणतात. समोरून आलो की काही जण रस्ता ओलांडतात. मी ते मनाला लावून घेत नाही.

या मर्यादा येतात कुठून, असे लोक विचारतात. त्यात गूढ काही नाही. एकशेवीस निरोगी माणसे गोळा करायची, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, खालचे तीन आणि वरचे तीन उडवायचे. मधले एकशे चौदा म्हणजे नॉर्मल. उडवलेले सहा जण सोमवारी निरोगी असतात, निरोगी असतात म्हणूनच त्यांना बोलावलेले असते, आणि शुक्रवारी ते नॉर्मल नसतात. त्यांच्याविषयी शास्त्राला सहानुभूती आहे.

पहिली काही वर्षे आम्ही ॲडलेडच्या मर्यादा वापरत होतो. तिथले लोक शहरात राहतात, गाडीत बसून जेवतात, आणि त्यांच्या लघवीत आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, पस्तिसाच्या वर जात नाही. आमच्या उपसागरात कालवांची शेती आहे. आमच्याकडे सकाळी पावावर कालवं, दुपारी खाऱ्या पेस्ट्रीत कालवं, आणि शनिवारी बार्बेक्यूला पाहुणे आले तर त्यांच्यासाठी सॉसेज. आमचे प्रमुख डॉक्टर क्विल्टी यांनी चाळीस तपासण्यांचे एकत्रित पॅकेज काढले, त्यात हॉर्मोन होते, औषधे होती, आणि जस्त, तांबे, सोमल वगैरे खनिजेही होती. पहिल्या वर्षी तीनशे चाळीस जण तपासले गेले. त्यांतल्या तीनशे बारांना विषबाधा झालेली निघाली. उरलेल्या अठ्ठाविसांत एकोणीस पर्यटक होते आणि नऊ तान्ही बाळे.

केव्ह पॉल्किंगहॉर्नचा आकडा सहाशे चौदा आला. केव्हची स्वतःची कालवांची शेती आहे. त्याचे बाकीचे एकोणचाळीस आकडे इतके नॉर्मल होते, की मी तो कागद काही दिवस भिंतीला लावून ठेवला होता. पण सोमल सहाशे चौदा. गावाने साहजिकच त्याच्या बायकोकडे, मॉरीनकडे बघितले. त्या वर्षी चर्चच्या जत्रेसाठी तिला लिंबाच्या टार्टऐवजी कागदी रुमाल आणायला सांगण्यात आले.

केव्ह माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "डेस, मी तीस वर्षं तिच्या हातचं खातोय. मारायचंच असतं तर एवढा वेळ लावला असता का तिने? भाजीवाल्याकडे दोन मिनिटं थांबवत नाही तिला."

ॲडलेडहून खुलासा आला. कालवांतला आणि माशांतला सोमल निरुपद्रवी असतो, तो आला तसा निघून जातो, म्हणून तपासणीआधी पाच दिवस ते काही खाऊ नये. खुलासा बरोबरच होता. तो फलकावर लावला, आणि त्यापुढचे सहा आठवडे तपासणीला कोणीही आले नाही.

डॉक्टर क्विल्टींनी विचार केला. विचार करताना ते चष्म्याची काडी कानात घालतात. "डेस," ते म्हणाले, "सगळं गाव मर्यादेबाहेर आहे म्हणजे गाव चुकलंय का? मर्यादा चुकलीय. आपण आपली मर्यादा काढू."

यासाठी निरोगी माणसाची व्याख्या ठरवायला समिती नेमली. समितीने औषध घेणारे वगळले, धूम्रपान करणारे वगळले, रोज सहापेक्षा जास्त बिअर पिणारे वगळले, मग लठ्ठ, कृश, चिडके, आणि ज्यांना चाळिशीनंतर गुडघे दुखतात असे वगळले. अकराशे साठ वस्तीच्या गावात एकेचाळीस निरोगी उरले. त्यांतले तीस प्राथमिक शाळेत होते. तेव्हा व्याख्या थोडी सैल करून 'प्रयोगशाळेपर्यंत स्वतःच्या पायांनी आलेली व्यक्ती' अशी करण्यात आली. लोकांनी यावे म्हणून प्रत्येकाला डझनभर ताजी कालवं फुकट ठेवली. ती नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत, स्वच्छतेचा तसा नियम आहे. म्हणून ती आधी खायला दिली आणि बाटली नंतर.

अशा रीतीने टर्नस्टोन बेची सोमलाची नॉर्मल मर्यादा ठरली. किमान शहाण्णव, कमाल अकराशे चाळीस. गुरुवारी दुपारी तीनला ती जाहीर झाली आणि पाचपर्यंत गावातले तीनशे सहा रुग्ण बरे झाले. औषध नाही, पथ्य नाही. वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर गुण क्वचितच आला असेल. मॉरीनला पुन्हा लिंबाचे टार्ट आणण्याची विनंती करण्यात आली. तिने कागदी रुमाल पाठवले.

(त्या एकशेविसांत मी होतो. दात गेल्यापासून मी कालवं कमी खातो. खालून दुसरा आलो. माझ्या नावापुढची चांदणी मी स्वतः छापली आणि संध्याकाळी घरी चालत गेलो.)

इथवर सगळे सुरळीत होते. मग ग्लेनिस ट्रेझाइज आली.

ग्लेनिस अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि सव्वीस वर्षे शाळेची बस चालवते. तेवीस मुले, जाताना एकेचाळीस किलोमीटर, येताना तेवढेच. आजवर एकदाही तिने बस कशाला घासलेली नाही. आमची प्रयोगशाळा नव्हती तेव्हा गावाचे रक्त तिच्याच बसमधून, मुलांच्या डब्यांशेजारी, शहरात जायचे, आणि त्यातला थेंब कधी सांडला नाही. नवरा गेल्यावर तिला या जगात बस आणि एक म्हातारे मांजर एवढेच आहे, असे ती स्वतः सांगते. मांजराला ती फारसे मोजत नाही.

तिच्या परवान्याचे नूतनीकरण आले होते. वाहतूक खात्याच्या अर्जात चौदावा प्रश्न असा आहे: 'सर्व निष्कर्ष स्थानिक प्रयोगशाळेच्या मर्यादेत आहेत काय?' पुढे दोन चौकोन आहेत, होय आणि नाही. तिसरा नाही.

ग्लेनिस कालवं खात नाही. सात वर्षांची असताना मावशीच्या लग्नात तिने एक खाल्ले होते, तेव्हा तिचा गळा सुजून बंद झाला आणि नवरीची गाडी तिला घेऊन इस्पितळात गेली. त्यानंतर तिने कालवाला हातही लावलेला नाही. तिचा सोमल चार आला.

आमची किमान मर्यादा शहाण्णव आहे. मी चांदणी छापली.

तेवढ्यावर भागले असते. पण चाळीस तपासण्यांत सरासरी दोन चांदण्या निरोगी माणसालाही मिळतात, आणि ग्लेनिसला तीन मिळाल्या. त्या दिवशी सकाळी तिने बेव्हच्या बेकरीतला खसखशीचा बन खाल्ला होता. खसखस कुठल्या झाडाची असते हे यंत्राला ठाऊक आहे. अफूच्या रकान्यात चांदणी आली. आणि कॉर्टिसॉल नावाचे जे हॉर्मोन सकाळी चढते आणि दुपारी उतरते, ते तिने दुपारी चारला दिले होते, कारण सकाळी आठला ती बस चालवत असते. मर्यादा सकाळी आठची होती. तिसरी चांदणी.

डॉक्टर क्विल्टींनी तिला समोर बसवले. मी कागद घेऊन शेजारी उभा होतो.

"मिसेस ट्रेझाइज, तुम्हाला सोमलाची कमतरता आहे."

"सोमलाची? उंदीर मारतात त्याची?"

"तोच. गावाच्या मानाने फारच कमी आहे. त्यात तुम्ही अफू घेता, आणि तुमची हॉर्मोन्स थकलेली आहेत. अशा अवस्थेत मी तुमच्या हाती तेवीस मुलं कशी देऊ?"

"डॉक्टर, मी बन खाल्ला. बन. त्यावर खसखस असते. तुम्ही पण खाता, परवा मी पाहिलं तुम्हाला, मिशीला लागली होती."

डॉक्टर क्विल्टींनी मिशी पुसली. "कागदावर बन असा रकाना नाही. आपण उपचार बघू. रोज सहा कालवं, जेवणाआधी."

"ती खाल्ली तर मी मरेन."

"पण तुमची पातळी सुधारेल."

ग्लेनिसने माझ्याकडे बघितले. "डेस, मेल्या, तू तरी बोल काहीतरी. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचास तू."

मी कागदावरच्या चांदण्या पुन्हा मोजल्या. माझे काम चांदण्यांचे आहे. डॉक्टर क्विल्टींनी कागदावर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असे लिहिले. ती उठली तेव्हा बसची किल्ली तिच्या हातात होती, ती तिने टेबलावर ठेवली, आणि मला फार वाईट वाटले. ते कोणत्या रकान्यात भरायचे हे मला कळले नाही.

निष्पक्षपणे सांगायचे तर, बस सुटल्याचा तिला एक वैद्यकीय फायदा झाला. ती आता सकाळी आठला रक्त द्यायला मोकळी होती. कॉर्टिसॉल उत्तम आले.

बदली चालक हवा होता. अवजड वाहनाचा परवाना आणि चाळीसच्या चाळीस आकडे मर्यादेत, अशी व्यक्ती गावात एकच निघाली, केव्ह पॉल्किंगहॉर्न. केव्हला दूरचे दिसत नाही, आणि जवळचे दिसते ते तो मान्य करत नाही. पण डोळे लघवीत उतरत नाहीत, त्यामुळे त्याविषयी आमच्याकडे माहिती नव्हती. तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी, डावीकडे वळायच्या जागी, केव्हने बस सरळ नेली आणि स्वतःच्याच कालवांच्या शेतात उभी केली. मुले गुडघ्यापर्यंत भिजली. सुदैवाने बाकी कोणाला काही झाले नाही. चौकशीत चालकाचे रिपोर्ट मागवण्यात आले, ते निर्दोष असल्याने बस तपासणीला पाठवण्यात आली.

त्या तेवीस मुलांत माझी नात टिली होती. ती मोजे पिळत म्हणाली, "आजोबा, ग्लेनिसला काय झालंय?"

"तिच्यात विष कमी आहे," मी म्हणालो. ते वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले होते. टिलीने मोजे वाळत घातले.

पुढच्या सोमवारी ग्लेनिस फेरतपासणीला आली. तिच्या हातात बेव्हच्या बेकरीची, मटणाची पेस्ट्री गरम ठेवायची पिशवी होती. नियमाप्रमाणे, बाटली भरली जात असताना कर्मचाऱ्याने दाराबाहेर उभे राहून खात्री करायची असते. मी दाराबाहेर उभा राहिलो. खात्री झाली. बाहेर मोटारीत केव्ह बसला होता आणि रस्त्याकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होता. नियमाप्रमाणे बाटली कोमट असावी लागते. ती कोमट होती, तिला किंचित मटणाच्या पेस्ट्रीचा वास होता.

सोमल सहाशे अकरा. अफू नाही. बाकी सगळे मर्यादेत, फक्त पुरुषी हॉर्मोन स्त्रीच्या मर्यादेच्या नऊपट.

डॉक्टर क्विल्टी आनंदाने उभेच राहिले. "कालवं! लोक उगाच म्हणत नव्हते. सहा दिवसांत केवढं पुरुषत्व वाढलं बघ. डेस, मी यावर लेख लिहिणार."

ते लेख लिहायला गेले आणि मी कागदाकडे बघत बसलो. एक चांदणी तरी छापावीच लागणार होती. चौदावा प्रश्न तिसरा चौकोन देत नाही. आकडा बदलणे हा गुन्हा आहे आणि एकोणीस वर्षांत मी तो केलेला नाही, तेव्हाही केला नाही. पण पुरुषी हॉर्मोनच्या मर्यादा दोन असतात, एक स्त्रीची, एक पुरुषाची, आणि कुठली लावायची हे कागदाच्या डोक्यावरच्या एका चौकोनावरून ठरते. मी तेवढा चौकोन बदलला. चाळीसच्या चाळीस आकडे मर्यादेत आले. एकही चांदणी नाही.

दहा दिवसांनी परवाना आला. 'श्री. ग्लेनिस ट्रेझाइज' यांना अवजड प्रवासी वाहन चालवण्यास पाच वर्षांसाठी मुभा देण्यात आली होती. ती तो घेऊन माझ्या खिडकीशी आली.

"श्री?" ती म्हणाली.

"हॉर्मोन," मी म्हणालो.

तिने परवाना नीट घडी करून पाकिटात ठेवला. "चालेल. बसला फरक पडत नाही." जाताना खिडकीवर एक कागदी पिशवी ठेवून गेली. आत बन होता, खसखस पुसून काढलेला.

इथे ही हकीकत संपायला हवी होती. पण गाव लहान आहे आणि केव्हला गप्प बसवत नाही. वर्षभरात माझ्या लक्षात आले की सोमलाचे आकडे एकमेकांच्या जवळ सरकत आहेत. सहाशे नऊ, सहाशे बारा, सहाशे सतरा. पोस्टमास्तरीण सहाशे तेरा. बॉलिंग क्लबची अख्खी कार्यकारिणी सहाशे अकरा. केव्ह दिवसाला चौदा कप चहा प्यायला लागला होता आणि शेतावर क्वचितच दिसत असे. नोंदींनुसार गावातले स्त्रियांचे प्रमाण एका वर्षात एकोणपन्नास टक्क्यांवरून एकतीसवर आले. राजधानीहून विचारणा झाली. आम्ही कालवांचे कारण दिले.

मर्यादा दर दोन वर्षांनी नव्याने काढायच्या असतात. पुन्हा एकशेवीस निरोगी माणसे आली, स्वतःच्या पायांनी, प्रत्येकाच्या हातात पेस्ट्रीची पिशवी. आकडे मांडले, सहा उडवले. टर्नस्टोन बेची नवी नॉर्मल मर्यादा निघाली, सहाशे नऊ ते सहाशे एकोणीस. एवढी अचूक मर्यादा देशात कोणाची नाही. डॉक्टर क्विल्टींना त्याबद्दल पदक मिळाले.

गेल्या महिन्यात केव्ह बहिणीकडे बॅलरॅटला दोन आठवडे राहून आला. तिथे रोज मेंढीचे मटण. परत आल्यावर त्याच्या परवान्याचे नूतनीकरण निघाले, आणि त्याने स्वतःची बाटली स्वतः भरून दिली, विनापिशवी. आकडा नऊ आला. मी चांदणी छापून कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला.

"हे काय आहे?"

"चांदणी. कमतरता आहे तुला."

केव्हने कागद उलटून मागची बाजूही बघितली. त्याच्या जिवावर अख्खे गाव नॉर्मल होते, आणि आता तो एकटा त्या गावाबाहेर उभा होता. "डेस," तो हळू आवाजात म्हणाला, "आता मी कुणाची बाटली आणू रे?"

मी खिडकीतून बाहेर बघितले. ग्लेनिसची बस समोरून गेली, तिने हात केला. टिली मागच्या खिडकीत होती, तिनेही केला.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या कपाटात, साड्यांखाली किंवा विम्याच्या कागदांशेजारी, तुमच्या तपासण्यांची एक फाइल असणार. ती काढा. ठणठणीत माणसाच्या वीस तपासण्या केल्या तर एकही चांदणी न मिळण्याची शक्यता शंभरात छत्तीस असते, चाळीस केल्या तर तेरा. तेव्हा तुमच्या कागदावर एखाददुसरी चांदणी असेल तर घाबरू नका, तुम्ही बहुधा निरोगी आहात. पण वर्षानुवर्षे तुमच्या कागदावर एकही चांदणी आलेली नसेल, आणि तो कागद तुम्ही पाहुण्यांना दाखवत असाल, तर जरा शांत बसा आणि आठवून बघा, ती बाटली कुणाची होती.